नऊ सदतीसचा मुहूर्त

नऊ वाजून एकतीस मिनिटांनी टिपणीस काकांनी आम्हा चौदा जणांना मोजे काढायला लावले.

बूट वर दारातच काढले होते. पण मोजे घालून मुहूर्त करत नाहीत, हे काकांना ऐन वेळी आठवलं. मिसिसागातल्या त्यांच्या तळघराची फरशी ऑक्टोबरच्या अखेरीला चांगलीच गारठलेली असते. चौदा कर्ते पुरुष मांडीवर लॅपटॉप घेऊन एक पाय दुसऱ्यावर घासत बसले. समोर चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, तिच्याशेजारी ब्लू लून ग्राफाइट नावाच्या कंपनीचा वार्षिक अहवाल आणि त्या अहवालावर हळदकुंकू.

"सहा मिनिटं," काका म्हणाले. "कुणी घाई करायची नाही, कुणी मागे राहायचं नाही. मी घंटा वाजवली की बटण दाबायचं."

"काका, तुमचा लॅपटॉप कुठाय?" नंदू देवरुखकरने विचारलं.

"मी फोनवर ऑर्डर देतो. माझा ब्रोकर माणूस आहे, यंत्र नाही." काकांनी कान आणि खांद्याच्या मध्ये फोन अडकवला होता. गेली दहा मिनिटं पलीकडून होल्डवरचा पियानो वाजत होता. "उचलेल आता."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुकुंदराव टिपणीस एकोणऐंशी साली कॅनडात आले, तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर दर शनिवारी सकाळी तळघरात गुंतवणुकीचा वर्ग घेऊ लागले. वर्ग फुकट होता आणि वर विजयाकाकूंचे पोहे मिळायचे. काकांनी ऐंशीच्या दशकात एक शेअर घेतला होता आणि तो वीसपट झाला होता. मी वर्गाला जायला लागलो तेव्हा वीसपट होता. दोन वर्षांत तो चाळीसपट झाला, पण काकांना मध्येच थांबवायचं कुणाच्या जिवावर यायचं. म्युच्युअल फंडांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "फंड म्हणजे दुसऱ्याच्या हाताने जेवणं," ते म्हणायचे. "तो चमचाभर तुमच्या तोंडात घालतो आणि चमचाभर स्वतःच्या." आम्ही हसायचो आणि वहीत लिहून घ्यायचो. वर्गात सहा इंजिनिअर आणि दोन चार्टर्ड अकाउंटंट होते.

ब्लू लून ग्राफाइट हा काकांचा शोध. उत्तर ऑन्टारिओतल्या कुठल्याशा तळ्याकाठी तिची खाण होती, म्हणजे खाण होण्यासारखी जागा होती. ग्राफाइट बॅटरीला लागतं आणि बॅटरी सगळ्या जगाला लागणार, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा की कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर जो लून पक्षी आहे, तोच कंपनीच्या नावात होता. "सरकारने तो पक्षी उगाच ठेवलाय का तिथे?" काकांनी विचारलं, आणि दोन्ही चार्टर्ड अकाउंटंटनी माना डोलावल्या.

राहिला मुहूर्त. लक्ष्मीपूजनाला भारतात संध्याकाळी तासभर बाजार उघडतात आणि लोक शकुनाची खरेदी करतात. इथे संध्याकाळी बाजार बंद. लक्ष्मी बंद दुकानात येईल का, असा काकांचा सवाल होता. त्यांनी पंचांग उघडलं. भारतातला मुहूर्त संध्याकाळी सात वाजून सात मिनिटांचा निघाला. त्यातून साडेनऊ तास वजा केले की टोरांटोचे सकाळचे नऊ सदतीस होतात, आणि तेव्हा इथला बाजार उघडून जेमतेम सात मिनिटं झालेली असतात. हा योग पाहून काकांचे डोळे पाणावले होते. चौदाही जणांनी कामावर सकाळची रजा टाकली.

माझ्या बाबतीत एक अडचण होती. ती अडचण म्हणजे घर.

मी आणि वृंदा ब्रॅम्प्टनमध्ये दहाव्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. गाडी खाली उघड्यावर. जानेवारीत पहाटे उठून काचेवरचा बर्फ खरवडताना मी रोज एकच गोष्ट मनाशी म्हणायचो, की एक दिवस आपलंही गॅरेज असेल. सात वर्षांत अठ्ठेचाळीस हजार डॉलर जमले. एका बिल्डरच्या वसाहतीत आम्ही घर पाहून ठेवलं. गॅरेजवालं जोडघर हवं तर पंचावन्न हजार आधी भरायचे, गॅरेजशिवायचं हवं तर चाळीस. मुदत पंधरा नोव्हेंबर, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. आम्ही गॅरेजशिवायचं धरलं होतं. चाळीस बिल्डरचे, वरचे आठ माझ्या हौसेचे. ब्लू लूनचा भाव बत्तीस सेंट होता. बत्तीस सेंटने पंचवीस हजार शेअर, म्हणजे बरोबर आठ हजार. ते जवळजवळ दुप्पट झाले की गॅरेजसकट घर. वृंदाला मी हे गणित सांगितलं तेव्हा ती "आठ. त्यावर एक सेंट नाही," एवढंच म्हणाली होती, आणि मी देवाशपथ हो म्हटलं होतं.

वृंदा लासलगावची. तिच्या वडिलांची तिथल्या कांदा मार्केटात अडत होती. इथे ती एका शाळेच्या कचेरीत अर्धवेळ काम करायची. तिचा पगार तिच्या खात्यात जायचा. त्याचं ती काय करते हे मी कधी विचारलं नाही, कारण ती काही करत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती शंकरपाळे तळत होती.

"नक्की किती वाजता?" तिने विचारलं.

"नऊ सदतीस."

"चौदाही जण एकदमच घेणार?"

"मुहूर्त म्हणजे एकदमच."

"भाव घालून ऑर्डर टाकणार ना? अमुक भावाच्या वर नको म्हणून?"

"काका म्हणालेत, मुहूर्ताला घासाघीस करायची नाही. मार्केट ऑर्डर. येईल त्या भावाला."

"येईल त्या भावाला." तिने झाऱ्याने शंकरपाळे उलटले. "आमच्याकडे लिलावाला एक व्यापारी यायचा, असंच म्हणणारा. बाबा त्याला चहा पाजून पुढच्या रांगेत उभं करायचे."

"वृंदा, कांदा वेगळा आणि शेअर वेगळा."

"असेल. पण रोज किती माल विकला जातो त्या कंपनीचा?"

"बघायला पाहिजे."

"पाच-दहा हजार शेअर. तुम्ही सगळे मिळून घेणार सव्वा लाख." तिने गॅस बारीक केला. "माझं ऐका, पस्तीस सेंट घाला. नाही मिळाले तर नाही मिळाले."

तिला हा आकडा कसा माहीत, असा प्रश्न शहाण्या माणसाला तिथल्या तिथे पडला असता. मला पडला नाही. मी म्हणालो, "काका नाराज होतील."

"बरं," वृंदा म्हणाली.

लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण तिचं 'बरं' मला अजून वाचता येत नव्हतं.

तर, तळघरात नऊ सदतीस झाले. काकांनी घंटा वाजवली आणि तेरा माणसांनी बटणं दाबली. चौदाव्याला, म्हणजे मला, बँकेच्या पानाने पासवर्ड विचारला. थंडीने बोटं आखडली होती. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला.

"कोठावदे, मुहूर्त टळतोय," काका घंटा वाजवत म्हणाले. फोन तसाच खांद्यावर आणि पियानो तसाच चालू.

तिसऱ्यांदा जमलं. मी पंचवीस हजारांचा आकडा घातला, 'मार्केट'वर टिचकी मारली आणि डोळे मिटून लक्ष्मीचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा ऑर्डर भरली होती. पडद्यावर एकच ओळ होती. पंचवीस हजार शेअर, अठ्ठ्याऐंशी सेंट, बावीस हजार डॉलर.

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हणालो.

"माझ्याकडे एक्क्याण्णव दाखवतोय," नंदू म्हणाला. "नाही, चौऱ्याण्णव झाला. अरे, दोन मिनिटांत तिप्पट."

तळघरात सगळे एकदम बोलायला लागले. एकाने दुसऱ्याला मिठी मारली. एक चार्टर्ड अकाउंटंट डोळे पुसत होता. मीही पडद्याकडे पाहून हिशेब केला. आठ हजारांचे बावीस हजार झाले. म्हणजे गॅरेज झालं, वर पडदे आणि सोफाही झाला. आठाचे बावीस झाले नाहीत, बावीस मी मोजले आहेत, हे मला सुचलं नाही. मला सुचलं नाही याचं आज वाईट वाटत नाही. त्या खोलीतल्या सहा इंजिनिअरांपैकी एकालाही सुचलं नाही याचं मात्र अजून नवल वाटतं.

विजयाकाकू करंज्या घेऊन जिना उतरल्या. काकांनी लक्ष्मीला हात जोडले.

"मी विकू का काका?" नंदूने विचारलं. त्याने बारा हजार शेअर घेतले होते. आईवडिलांना पहिल्यांदा इकडे आणायचं होतं, त्या तिकिटांसाठी आणि विम्यासाठी ठेवलेल्या पैशांतून. "तिप्पट झालेत. पुरेत मला."

काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "देवरुखकर, आज दिवस कुठला? लक्ष्मीपूजन. लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी घराबाहेर काढतोस?"

नंदू ओशाळला. चौदा घरांतली लक्ष्मी आम्ही नऊ सदतीसला एकगठ्ठा घराबाहेर काढली होती, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. काकांनी मात्र स्वतःची लक्ष्मी घरातच ठेवली होती, कारण त्यांचा फोन कुणी उचललाच नाही. "मी तुमच्यासाठी घंटा वाजवत राहिलो, माझं राहून गेलं," ते म्हणाले. त्यांच्या या त्यागाचं नंतर बरेच दिवस कौतुक झालं.

घरी जाण्यापूर्वी गाडीत बसून मी खात्याचं पान पुन्हा उघडलं. सुखाचा आकडा एकट्याने निवांत बघावा म्हणून. शेअरच्या खाली रोख शिल्लक होती. चाळीस असायला हवी होती. सव्वीस होती.

मी आधी बँकेला शिव्या घातल्या. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. आम्हीच चौदा जणांनी एका मिनिटात एकमेकांवर बोली चढवली होती. विकणारे थोडे, घेणारे सगळे आम्ही, आणि कुणीच भाव घातला नव्हता. बत्तीसचा माल संपला तेव्हा चाळीसचा घेतला, चाळीसचा संपला तेव्हा साठचा. मी उशिरा पोचलो, म्हणून मला सगळाच्या सगळा अठ्ठ्याऐंशीचा मिळाला. तिप्पट झालेला भाव आमच्याच खिशातून वर चढला होता. आता तो शेअर विकत घेणारं जगात कोण आहे, ते मी बघितलं. एक जण होता. एकतीस सेंटने, पाचशे शेअर.

बिल्डरचे चौदा हजार कमी पडत होते आणि हातात तेवीस दिवस होते. मी तो पडदा मिटवला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. मला रडू आलं, हे सांगायला आता हरकत नाही.

संध्याकाळी वृंदाने पूजा मांडली. "कसा झाला मुहूर्त?" तिने वाती वळता वळता विचारलं.

"छान झाला."

"मिळाले आठ हजारांत?"

"मिळाले."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग लक्ष्मीच्या तसबिरीपुढे अंगठी ठेवली, थोड्या नोटा ठेवल्या आणि एक बंद पाकीट ठेवलं. शाळेच्या कचेरीतला बोनस असेल असं मला वाटलं.

शुक्रवारी पाडवा. बाजार उघडला, भाव चौतीसवर आला आणि दुपारपर्यंत तीसवर. वर्गातले फोन सुरू झाले. काकांचं निदान तयार होतं. घातपात. कुणीतरी बडं धेंड वरच्या भावाला माल घेऊन दबा धरून बसलं होतं.

"तसं खरंच आहे रे," नंदू फोनवर म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "मी कालचे सगळे सौदे काढले. अठ्ठ्याऐंशीला साठ हजार शेअर गेलेत. एकाच ब्रोकरकडून, मिनिटाभरात. हर्षल, त्या माणसाला आपला मुहूर्त कळला कसा?"

"न्यूयॉर्कचा कुणीतरी असेल. त्यांच्याकडे मोठे कॉम्प्युटर असतात."

"आईबाबांची तिकिटं मार्चमध्ये काढायची होती," तो म्हणाला.

संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा पाटाभोवती रांगोळी होती. वृंदा ताम्हण घेऊन उभी होती. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा ताम्हणात काहीतरी घालतो. गेल्या आठ पाडव्यांना मी साडी, बांगड्या, एकदा नुसतंच कबूल केलेलं कानातलं, असं काही ना काही घातलं होतं. या खेपेला माझे हात रिकामे होते. मी पाटावर बसलो आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"थांब. ओवाळू नकोस."

"का?"

"आठ नाही गेले. बावीस गेले. भाव चढत गेला आणि मला कळलंच नाही. आता ते शेअर आठलाही कुणी घेत नाही." माझा आवाज चिरकला. "बिल्डरला द्यायला चौदा कमी आहेत. घर गेलं, वृंदा. तू दोनदा सांगितलं होतंस. आणि काल मी तुझ्याशी खोटं बोललो."

"टिळा लावू द्या," ती म्हणाली. तिने टिळा लावला, अक्षता टाकल्या, सावकाश तीनदा ओवाळलं. मग ताम्हण खाली ठेवलं. "मला माहितीये."

"नंदूचा फोन आला होता?"

"नाही. ओवाळणी मला कालच मिळाली. नऊ सदतीसला. तुमची नऊ अडतीसला आली. तुम्हाला उशीर झाला असणार."

तिने देव्हाऱ्यातलं पाकीट आणून माझ्या हातात दिलं. आत खात्याच्या पानाची छापील प्रत होती. वृंदा कोठावदे, करमुक्त बचत खातं. ब्लू लून ग्राफाइट, साठ हजार शेअर, विक्री, अठ्ठ्याऐंशी सेंट.

मी ते तीनदा वाचलं. माझ्या पंचवीस हजार शेअरवर एकच भाव का होता, ते आता कळलं. मी ते सगळेच्या सगळे माझ्या बायकोकडून विकत घेतले होते.

"तू हे कधी घेतले होतेस?"

"दीड वर्ष झालं. काका पहिल्यांदा जेवायला आले होते ना आपल्याकडे, तेव्हा त्यांनी हे नाव काढलं होतं. तुम्ही हसलात. मी अकरा सेंटने घेतले."

"म्हणजे तुझा काकांवर विश्वास होता?"

"काकांवर?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "त्या खाणीत ग्राफाइट आहे की माती, मला काय ठाऊक. पण काका एक नाव मनात धरलं की सोडत नाहीत, आणि तुम्ही चौदा जण काकांना सोडत नाही. आज ना उद्या हे सगळे हाच माल घ्यायला येणार, एवढं दिसत होतं. बाबा म्हणायचे, माल बघू नकोस, गिऱ्हाईक बघ."

"पण अठ्ठ्याऐंशी? बत्तीसचा शेअर?"

"येईल त्या भावाला घेणार म्हणालात ना. मग म्हटलं बघू, कुठवर येतात."

मला संताप आला. संताप यायला मला तसा काही अधिकार नव्हता, तरी आला. "मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर रात्रीच्या आत काकांना कळलं असतं. तुमच्या पोटात काही राहत नाही. म्हणून नुसतं भाव घाला म्हटलं. तेवढं ऐकलं असतंत तर तुमचे आठ हजारही वाचले असते."

"आणि बाकीचे? ते आपले लोक आहेत, वृंदा. नंदूने आईबाबांच्या तिकिटाचे पैसे घातलेत."

निरांजनाची वात तिने बोटाने सारखी केली.

"ते मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "नंदूभाऊजींचं वाईट वाटतं. खरंच वाटतं." मग तिने टेबलावरचा माझा फोन उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "करा फोन. सांगा त्यांना, की माझ्या बायकोने विकले. बाकी तेराही जणांना सांगा. प्रत्येकाला त्याचे परत करू. मी नाही म्हणणार नाही."

फोन मांडीवर होता. समोर भिंतीला बिल्डरचं पत्रक लावलेलं होतं, दोन्ही घरांच्या चित्रांचं. माझ्याजवळचे सव्वीस आणि तिचे जवळजवळ त्रेपन्न. डोक्यात बेरीज होत होती आणि ती थांबवता येत नव्हती. परत करायचं म्हटलं तर गॅरेजशिवायचंच घर येत होतं. नाही केलं तर उजवीकडच्या चित्रातलं, गॅरेजवालं घर येत होतं.

मी नंदूचा नंबर काढला. त्याचा फोटो आला, आईवडिलांच्या मधे उभा राहून काढलेला. मला लाज वाटली. अगदी कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. आणि तेवढ्यात हेही मनात आलं, की बाहेर नोव्हेंबर तोंडावर आहे आणि गाडी उघड्यावर आहे.

मी फोन पालथा घातला.

"जेवायला वाढू?" वृंदाने विचारलं.

"वाढ," मी म्हणालो.

आम्ही उजवीकडचं घर घेतलं. वास्तुशांतीला चौदा घरं जेवायला आली. काकांनी भाषण केलं, की कोठावद्यांनी तोटा सोसला पण धीर सोडला नाही, त्याचं हे फळ. नंदूने गॅरेजचं दार दोनदा वर-खाली करून बघितलं आणि मनापासून म्हणाला, "मस्त घेतलंस यार." मी त्याला आग्रह करकरून जिलब्या वाढल्या. त्याचे आईवडील त्यानंतर दोन वर्षांनी आले.

माझ्या पैशांची व्यवस्था वृंदाने लावली. सगळा बाजार थोडा थोडा घेणारा, नगण्य फी असलेला एक फंड आहे. महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाते. "तुम्ही निवडायचं काही नाही," एवढी एकच अट होती. मला वाटलं, शनिवारचा वर्गही आता सुटला. पण पहिल्याच शनिवारी तिने माझा कोट काढून ठेवला होता.

"जात राहा," ती म्हणाली. "लोकांत मिसळलेलं बरं असतं. आल्यावर मला सांगत जा, काका आज काय म्हणाले."

अकरा वर्षं मी जातोय. काकांनी रीतसर चौकशी करून त्या वर्षीच्या अपयशाचं मूळ शोधून काढलं. एका चार्टर्ड अकाउंटंटने आतले पातळ मोजे काढले नव्हते. तेव्हापासून काका दर वर्गाला स्वतः सगळ्यांचे पाय तपासतात. सर्वांत नियमित विद्यार्थी म्हणून मला त्यांनी दोनदा शाल दिली.

गेल्या शनिवारी त्यांनी या दिवाळीची कंपनी जाहीर केली. कोबाल्टची आहे, नावात कॅनडाच्या झेंड्यावरचं मेपलचं पान आहे. हे नाव वृंदाला मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. शेजारी नंदू वहीत उतरवून घेत होता. पहाटे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून आल्यामुळे त्याची बोटं लाल झाली होती.

"नंदू," मी हळूच म्हणालो, "भाव घालून टाकशील ना ऑर्डर?"

"अरे, मुहूर्ताला घासाघीस करतात का?" तो म्हणाला.



"बरं," मी म्हणालो आणि मोजे काढले.